व्हिडिओ पोकर: पे-टेबल कसे वाचावे आणि कोणती पाने राखावीत

लास व्हेगासच्या कॅसिनोत स्लॉट मशीन आणि व्हिडिओ पोकरचे मशीन बहुधा शेजारीशेजारी असतात आणि नवख्या माणसाला ती एकाच जातीची वाटतात. स्लॉट मशीनमध्ये कोणते चिन्ह किती वेळा यावे हे बनवणाऱ्याने आतल्या आत ठरवलेले असते आणि खेळणाऱ्याला ते बाहेरून कळण्याची सोय नसते. व्हिडिओ पोकरमध्ये बावन्न पानांचा कॅट असतो आणि कोणत्या हाताला, म्हणजे पाच पानांच्या कोणत्या जुळणीला, किती पैसे मिळतील ते पडद्यावरच्या तक्त्यात, म्हणजे पे-टेबलमध्ये, लिहिलेले असते. एवढ्या माहितीवर ते मशीन लावलेल्या शंभर डॉलरमागे सरासरी किती परत करील हे शाळेत शिकलेल्या संभाव्यतेच्या गणिताने काढता येते. अमेरिकेत राहणारे किंवा तिथे फिरायला जाणारे पुष्कळ मराठी लोक एखादी संध्याकाळ या मशीनसमोर घालवतात, आणि त्यांपैकी जे पहिल्यांदाच बसणार आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. आधीच सांगून ठेवावे की आज सहज सापडणाऱ्या जवळजवळ सर्व मशीनांवर उत्तम खेळणाराही दीर्घकाळात थोडे गमावतोच. ते थोडे किती असावे एवढेच खेळणाऱ्याच्या हातात असते.

हा खेळ आजच्या रूपात लोकप्रिय झाला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस. साय रेड या उद्योजकाच्या कंपनीने, जी पुढे आयजीटी या नावाने जगभर पसरली, १९७९ मध्ये ‘ड्रॉ पोकर’ नावाचे मशीन बाजारात आणले, आणि माणसांबरोबर टेबलावर बसून पोकर खेळायला बिचकणाऱ्यांना एकट्याने, कोणाच्या नजरेखाली न येता खेळण्याची सोय झाली. नेवाडा राज्याच्या नियमांनुसार, पत्त्यांसारख्या प्रत्यक्ष खेळाची नक्कल करणाऱ्या यंत्रात प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटातल्या इतकीच असावी लागते. पुढचे सगळे आकडे याच अटीवर उभे आहेत. अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या काही कॅसिनोंत दिसायला अगदी असेच, पण आतून बिंगोच्या सोडतीवर चालणारे मशीन असते. पडद्याच्या कोपऱ्यात बिंगोचे छोटे कार्ड दिसले तर तिथे या लेखातले काहीही लागू पडत नाही आणि पान राखण्याचे कौशल्यही कामाला येत नाही.

पहिली पायरी: डाव आणि हातांची उतरंड

डाव सोपा आहे. एक ते पाच क्रेडिट (मशीनच्या किमतीची एकेक नाणी) लावायची, ‘डील’ दाबायचे, पाच पाने येतात. त्यांतली हवी ती राखायची, म्हणजे त्या पानाखालचे ‘होल्ड’ दाबायचे, आणि ‘ड्रॉ’ दाबले की उरलेली पाने जाऊन त्यांच्या जागी उरलेल्या सत्तेचाळीस पानांतून नवी येतात. प्रत्येक पान राखायचे किंवा टाकायचे असे दोनच पर्याय असल्याने एका हातात एकूण ३२ प्रकारे खेळता येते, आणि त्यांतला एक प्रकार गणिताने सर्वांत चांगला असतो. समोर दुसरा खेळाडू नसल्यामुळे चेहरा वाचणे, थापा मारणे, डाव सोडून देणे यांतले काहीच इथे नाही.

सर्वांत साधा प्रकार ‘जॅक्स ऑर बेटर’. यात गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांची जोडी आली तरच लावलेले पैसे परत मिळतात. दश्शीच्या किंवा त्याखालच्या जोडीला काही नाही. त्यावर चढत्या क्रमाने दोन जोड्या, एकाच किमतीची तीन पाने, स्ट्रेट म्हणजे सलग पाच पाने, फ्लश म्हणजे एकाच रंगाची पाच पाने, फुल हाउस म्हणजे तीन आणि दोन, चार सारखी, स्ट्रेट फ्लश, आणि सर्वांत वर एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी असे रॉयल फ्लश. दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, इथे कलर म्हणजे फ्लश मोठा. कारण तीन पानांत कलर अधिक वेळा जमतो, तर पाच पानांत तो दुर्मीळ होतो: २५,९८,९६० संभाव्य हातांपैकी साधे स्ट्रेट १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८.

दुसरी पायरी: बसण्यापूर्वी दोन आकडे पाहा

या लेखातले एकच काही लक्षात ठेवायचे असेल तर ही पायरी ठेवावी. एकाच कॅसिनोत, कधीकधी एकाच रांगेत, एकाच नावाच्या मशीनवर वेगवेगळे पे-टेबल असते, आणि बदल बहुतेक वेळा फुल हाउस व फ्लश या दोनच ओळींत केलेला असतो, कारण बाकीच्या ओळींकडे लोकांचे लक्ष असते आणि या दोघींकडे नसते. म्हणून मशीनची ओळख या दोन आकड्यांनी सांगतात. एका क्रेडिटला फुल हाउसचे ९ आणि फ्लशचे ६ देणारे मशीन ‘नऊ-सहा’. त्याचप्रमाणे ‘आठ-पाच’, ‘सात-पाच’, ‘सहा-पाच’. पाच क्रेडिट लावून अचूक खेळल्यास नऊ-सहा मशीन सरासरी ९९.५४ टक्के परत करते, आठ-पाच ९७.३० टक्के, सात-पाच ९६.१५ टक्के आणि सहा-पाच ९५ टक्के.

हे आकडे कुठून येतात ते एकदा पाहिले की पाठ करावे लागत नाहीत. अचूक खेळात फुल हाउस येण्याची शक्यता सुमारे १.१५ टक्के आणि फ्लशची १.१० टक्के असते. त्यामुळे यांतल्या कोणत्याही ओळीतला एक आकडा कमी केला की परतावा साधारण एक टक्का आणि थोडा वर घसरतो. दोन्हींतला एकेक कमी केला की सव्वादोन टक्के गेले. गंमत अशी की फुल हाउस, स्ट्रेट आणि फ्लश हे तीनही हात जवळजवळ सारख्याच वारंवारतेने, म्हणजे साधारण ८७, ८९ आणि ९१ डावांत एकदा येतात, पण त्यांची किंमत ९, ४ आणि ६ अशी असते.

टक्क्यांचे पैशांत रूपांतर केले म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. पंचवीस सेंटच्या मशीनवर पाच क्रेडिट म्हणजे एका डावाला सव्वा डॉलर. सरावलेला माणूस तासाला सहज ६०० डाव खेळतो, म्हणजे तासाभरात ७५० डॉलर फिरतात. नऊ-सहा मशीनवर त्यातले सरासरी साडेतीन डॉलर जातात, आठ-पाचवर वीस डॉलर, आणि सहा-पाचवर साडेसदतीस. खेळ तोच, पाने तीच, मनोरंजनही तेवढेच. लास व्हेगासच्या ‘स्ट्रिप’ या मुख्य रस्त्यावरच्या झगमगीत कॅसिनोपेक्षा स्थानिक लोक जिथे खेळायला जातात अशा ठिकाणी चांगले पे-टेबल मिळण्याची शक्यता अधिक असते, आणि दहा मिनिटे फिरून पे-टेबल वाचण्यात घालवणे हे पुढे तासन्‌तास नेमका खेळ करण्याइतकेच मोलाचे आहे.

तिसरी पायरी: पाच क्रेडिट का लावतात

पे-टेबलमध्ये प्रत्येक हाताची किंमत लावलेल्या क्रेडिटच्या पटीत वाढत जाते, फक्त रॉयल फ्लश सोडून. एका क्रेडिटला रॉयल २५० देतो, दोनला ५००, चारला १,०००. पाचव्याला मात्र एकदम ४,०००, म्हणजे दर क्रेडिटला ८००. एकच क्रेडिट लावणाऱ्याचा नऊ-सहा मशीनवरचा परतावा त्यामुळे सुमारे ९८.४ टक्क्यांवर येतो. म्हणून सर्वत्र सल्ला दिला जातो की नेहमी पाच लावा.

हा सल्ला बरोबर आहे, पण तो टक्क्यांपुरता. पंचवीस सेंटच्या मशीनवर एक क्रेडिट लावणारा ६०० डावांत १५० डॉलर फिरवतो आणि सरासरी अडीच डॉलरच्या आत गमावतो. पाच लावणारा साडेतीन गमावतो. रक्कम म्हणून पाहिले तर कमी लावणारा कमीच हरतो. ज्याला सव्वा डॉलरचा डाव जड वाटतो त्याने खरे तर कमी किमतीच्या मशीनवर पाच क्रेडिट लावावीत. फक्त तिथले पे-टेबल पुन्हा वाचावे, कारण पाच सेंटच्या मशीनांवर ते बहुधा वाईट असते.

चौथी पायरी: काय राखावे, काय टाकावे

प्रत्येक निर्णयाचे मूल्य काढण्याची रीत एकच आहे. राखलेल्या पानांसह जे जे होऊ शकते त्या प्रत्येकाची किंमत त्याच्या शक्यतेने गुणायची आणि बेरीज करायची. पुढची सर्व मूल्ये एक क्रेडिट लावले असे धरून, नऊ-सहा पे-टेबलवर, रॉयलला ८०० मानून दिली आहेत.

हातात बदामाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि चौकी आली आहे असे समजा. हा तयार फ्लश, नक्की ६. चौकी टाकली तर उरलेल्या ४७ पानांतले एक रॉयल देते, सात फ्लश, तीन स्ट्रेट, आणि बारा पाने मोठी जोडी. ८०० अधिक ४२ अधिक १२ अधिक १२, भागिले ४७, उत्तर १८.४. हातातला फ्लश मोडायला मन धजत नाही, आणि बहुतेक वेळा मोडल्यावर सहाही मिळत नाहीत, तरीही मोडणेच योग्य. स्ट्रेट फ्लश मात्र मोडू नये. त्याचे ५० यापेक्षा पुष्कळ अधिक आहेत.

दुसरे उदाहरण रोजचे: पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि आणखी एक अठ्ठी. स्ट्रेटसाठी चौकी किंवा नव्वी, अशी आठ पाने चालतात. आठ गुणिले चार भागिले ४७, म्हणजे ०.६८. अठ्ठीची जोडी राखली तर मूल्य ०.८२. जोडी राखा. पण त्याच लहान जोडीबरोबर हातात एका रंगाची चार पाने असतील तर नऊ पाने सहा-सहा देतात आणि मूल्य किमान १.१५ होते, तेव्हा जोडी मोडून फ्लशच्या मागे जावे. मोठी जोडी, म्हणजे गुलामापासून वरची, १.५४ इतकी असल्याने ती या दोन्हींसाठी मोडू नये. लहान जोडी दर शंभरांत सुमारे ७१ वेळा रिकामी जाते, म्हणून लोकांना ती नकोशी वाटते आणि तिच्याऐवजी ते एकटा एक्का राखतात. त्याचे मूल्य अर्ध्यापेक्षाही कमी आहे. माझ्या मते नवख्यांची सर्वांत महाग सवय हीच, कारण हा प्रसंग डावागणिक येतो.

टेबलावरच्या पोकरमधून आलेली दुसरी सवय म्हणजे जोडीबरोबर एक्का राखणे. तिथे बरोबरी झाल्यास एक्का कामाला येतो. इथे समोर कोणी नाही. गुलामांची जोडी एकटी १.५४, एक्क्यासह १.४२. तीन सारख्या पानांबरोबर चौथे पान राखले तर ४.३० चे ३.८५ होतात. आणि दोन जोड्या हातात असता लहान जोडी फेकून देणारेही पाहायला मिळतात: दोन्ही राखल्यास २.६, एकच राखल्यास १.५४.

सलग चार पानांत मधलेच एक हवे असेल, उदाहरणार्थ तिर्री, चौकी, छक्की, सत्ती, तर चारच पाने उपयोगी पडतात आणि मूल्य ०.३४ होते. पाचही पाने टाकून नवी घेणे ०.३६ च्या आसपास असल्याने तेच बरे.

या सगळ्या तुलना एका यादीत मांडता येतात. वरून खाली येताना हातात जे पहिले सापडेल ते राखावे. तयार रॉयल, स्ट्रेट फ्लश आणि चार सारखी यांना हात लावू नये. त्यांखाली रॉयलची चार पाने. मग तयार फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट आणि तीन सारखी. मग स्ट्रेट फ्लशची चार पाने, दोन जोड्या, मोठी जोडी. त्यानंतर रॉयलची तीन पाने, फ्लशची चार पाने, लहान जोडी, आणि दोन्ही टोकांना उघडी असलेली स्ट्रेटची चार पाने. इथून खाली हात दुबळा असतो: एकाच रंगाची दोन मोठी पाने, स्ट्रेट फ्लशची तीन पाने, वेगळ्या रंगांची दोन मोठी पाने (तीन असतील तर त्यांतली खालची दोन, कारण एक्क्याला वरच्या बाजूने स्ट्रेट वाढवता येत नाही), एकाच रंगाची दश्शी आणि गुलाम, राणी किंवा राजा, मग एकटे मोठे पान, आणि शेवटी सगळी पाने टाकणे. गणितज्ञांनी तयार केलेले पूर्ण तक्ते याहून लांब असतात, पण एवढी यादी पाळली तरी परतावा ९९.४६ टक्के मिळतो, म्हणजे अचूक खेळापेक्षा फक्त ०.०८ टक्के कमी. तो उरलेला तुकडा मिळवण्यासाठी अपवाद पाठ करायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या हौसेवर आहे. ही यादी कागदावर लिहून मशीनसमोर ठेवायला बहुतेक ठिकाणी हरकत घेत नाहीत. घरी संगणकावर, पैसे न लावता सराव करून जाणे त्याहून बरे.

पाचवी पायरी: ९९.५४ चा नेमका अर्थ

त्या आकड्यातले जवळजवळ दोन टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत, आणि तो सरासरी ४०,००० डावांत एकदा येतो. तीन दिवसांच्या सहलीत रोज पाच तास खेळले तर ९,००० डाव होतात. त्यांत एकदा तरी रॉयल दिसण्याची शक्यता पाचांत एक. म्हणजे पाचांतले चौघे प्रत्यक्षात सुमारे ९७.५ टक्क्यांच्या खेळाला बसलेले असतात. ४०,००० डाव पूर्ण केलेल्यांतही सुमारे ३७ टक्के लोकांना एकही रॉयल मिळालेला नसतो, आणि त्याचा मशीनशी किंवा ‘आता यायलाच हवा’ या समजाशी काहीही संबंध नसतो. प्रत्येक डावाला कॅट नव्याने पिसला जातो.

डावाडावातले चढउतारही मोठे असतात. प्रमाणित विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती हेलकावतो याचे माप, एका डावाला लावलेल्या रकमेच्या ४.४ पट आहे. ६०० डावांच्या तासाला ते पंचवीस सेंटच्या मशीनवर सुमारे १३५ डॉलर होते. सरासरी तोटा साडेतीन डॉलर असला तरी तासाभरात शंभर डॉलर संपणे हे नेहमीचेच, म्हणून एका संध्याकाळीसाठी दोन-तीनशे डॉलर बाजूला काढता येत नसतील तर लहान किमतीच्या मशीनवर बसावे. आणि हळू खेळावे. डावांची संख्या निम्मी केली की तोटा निम्मा होतो, इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

दुसरे प्रकार

‘बोनस पोकर’मध्ये चार सारख्या पानांना, विशेषतः चार एक्क्यांना, जास्त पैसे असतात. त्यात आठ-पाच पे-टेबल चांगले, ९९.१७ टक्क्यांचे, जॅक्स ऑर बेटरमध्ये तेच आकडे वाईट. म्हणजे मशीनचे नाव न पाहता नुसते आकडे पाहून भागत नाही. ‘डबल डबल बोनस’ लोकांना फार आवडतो, कारण चार एक्के आणि सोबत दुर्री, तिर्री किंवा चौकी आली तर पाच क्रेडिटला २,००० मिळतात. याची किंमत दोन जोड्यांचे मोल २ वरून १ करून वसूल केलेली असते. नऊ-सहा रूपात तो ९८.९८ टक्के देतो, पण पैसे फार झपाट्याने खाली-वर होतात, आणि पहिल्या दिवशी तो टाळावा असे मला वाटते. ‘ड्यूसेस वाइल्ड’मध्ये दुर्री कोणतेही पान होऊ शकते आणि सर्वांत खालचा जिंकणारा हात तीन सारख्यांचा. त्याचे पूर्ण पे-टेबल अचूक खेळल्यास १००.७६ टक्के देत असे, आणि म्हणूनच ते आता क्वचित आढळते. वर दिलेली यादी या खेळाला मुळीच लागू नाही.

पैसे काढताना

‘कॅश आउट’ दाबले की छापील तिकीट बाहेर येते आणि ते खिडकीवर किंवा यंत्रात वटवता येते. मोठा हात लागला तर मशीन थांबते आणि कर्मचारी येऊन कागदपत्रे भरून पैसे देतो. नेवाडात वय २१ पूर्ण असल्याचा पुरावा तेव्हा दाखवावाच लागतो. करासाठी नोंद करण्याची मर्यादा अमेरिकेत अनेक दशके १,२०० डॉलर होती आणि २०२६ पासून ती २,००० झाली आहे. पंचवीस सेंटच्या मशीनवरचा रॉयल १,००० डॉलरचा असल्याने तो दोन्हींच्या खाली राहतो, डॉलरच्या मशीनवरचा ४,००० चा मात्र नाही. करदृष्ट्या तिथे रहिवासी असलेल्यांच्या नावे फक्त नोंद होते. भारतातून पर्यटक म्हणून गेलेल्यांच्या अशा रकमेतून ३० टक्के जागेवरच कापून घेतले जातात. ब्लॅकजॅक किंवा रूलेच्या टेबलावर अशी कपात नाही.

भारतात सराव करायचा तर पैसे न लावताच करावा लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आहे, आणि महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देऊ पाहणारा १९७६ चा कायदा कधीही अमलात न येता २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक खेळांना आणि बोटींवर टेबलांच्या खेळांनाही परवानगी आहे. तिथे पत्त्यांचे मशीन समोर आले तर आधी पे-टेबलच्या त्या दोन ओळी वाचाव्यात, आणि वरचे टक्के नेवाडाच्या नियमावर काढलेले आहेत हे ध्यानात घेऊन किती लावायचे ते ठरवावे.